राब भाजून घे

मुंबई, २० मे २०१९

प्रिय पुतळी आत्या,

परवा हाल्याकाकाचा फोन आला. हसत म्हणाला, "मालू, तुझ्या कायद्यानं अख्खा पाडा थंड केला गं! राबाला काडी नाही लागली अजून." पेरणीआधी रोपाची जागा भाजायची कोणी थांबतं का? मला मस्करीच वाटली. मग तलासरीहून लडक्यामामाने विचारलं, हा कायदा तुमच्या आशागडपुरताच की आमच्याकडेही? तेव्हा कळलं, ही मस्करी नाही. लगेच तुला फोन करून सांगितलं की तो अजून कायदा नाही, राब भाजा, तर तू एवढंच म्हणालीस, "तुला आमची दया येते म्हणून सांगतेस. कागद मी स्वतः वाचलाय." म्हणून कागदावरच लिहिते.

होळीला आले तेव्हा तू वाचलास तो मसुदा होता. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतल्या अतिबारीक धुळीची मर्यादा सांगितली आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची चाळीस आहे. जगाचा आकडा आपल्या कायद्यात कसा आणायचा, कोणाला किती मुदत द्यायची, हे आमच्या ऑफिसने एका समितीसाठी लिहून काढलं. घर बांधायच्या आधी जमिनीवर चुन्याची रेघ मारतात ना, तेवढंच ते. रेघ पुसतात, सरकवतात. आणि मी तिथली सगळ्यांत धाकटी. साहेब सांगतात ते टाइप करते, आकडे तपासते, तपासलेले पुन्हा तपासते.

त्यात शेतातला पालापाचोळा उघड्यावर जाळायला तत्काळ मनाई, असं एक वाक्य आहे. कारखान्यांच्या धुराड्यांना पाच वर्षांची मुदत, पालापाचोळ्याला एक दिवसाचीही नाही. ते लिहिताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उत्तरेकडची जळती शेतं होती, राब माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हता. तू विचारलंस, यात आपला राब येतो का? मी म्हटलं, येतो. शब्दाला धरून ते खरंच होतं. तू मान डोलावलीस आणि मला आणखी एक भाकर वाढलीस. तुझ्या मनात काय पक्कं झालं ते मला कळलंच नाही.

परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं की आमच्या घरी राब भाजतात, तर या वाक्यावर मी काम करावं का? ते म्हणाले, "तुझ्याशिवाय इथे राब पाहिलाय कोणी? तूच लिही." मी टीप लिहिली. खाली शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या, पेंढा, वर मातीचा थर. आगीने तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप जोमाने येतं. वर्षातून एकदाच, तेही रोपाच्या तुकड्यापुरतं. शाळेत जायच्या आधी तू मला कुडाच्या भिंतीवर कोळशाने अक्षरं शिकवलीस. तेव्हा म्हणायचीस, दिसलं तेवढंच लिही, पण दिसलं ते सगळं लिही. म्हणून हेही लिहिलं की राबाच्या धुराच्या दिवसांत निलमवहिनीच्या बाळाला दम लागतो आणि त्याला नरपडला तिच्या माहेरी ठेवावं लागतं. साहेब म्हणाले, "हे कशाला? तुझीच बाजू लंगडी होते." मी खोडलं नाही. धूर आपला असला तरी धूरच.

समितीने काय ठरवलं ते अजून कळलेलं नाही. राबाला सूट मिळेल, किंवा दुसरा उपाय शोधायला मुदत मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. मनाई झालीच तर सांगायला पहिली मी येईन, आणि तेव्हा तुझ्याशी भांडेनसुद्धा.

पण आज ते वाक्य कायदा नाही, आणि पाऊस तोंडावर आलाय. न भाजलेल्या जागेत भाताआधी तण उठेल, मग लावणीला रोप कुठून आणणार? सगळा पाडा माझ्या एका "येतो"वर थांबलाय. तुझा माझ्यावर एवढा विश्वास आहे हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, मला भीतीच वाटली. हे पत्र अंगणात सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाच, लडक्यामामालाही कळव. बाळाला आधी नरपडला पाठव, वारा बघ, आणि राब भाजून घे. मी सांगितलं म्हणून थांबलीस ना? मग मी सांगते म्हणून काडी लाव.

तुझ्याच भिंतीवर लिहायला शिकलेली,
तुझीच मालू