पाण्याच्या टाकीखालचा दवाखाना

३ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. छकुलीला पापा... नको, नुसता आशीर्वाद. खरं काम पुढे आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मी अजून बेटावरच आहे. हो, हसू नकोस! नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीला रंग द्यायचं काम मिळालंय. ही टाकी म्हणजे गावाचं नाक. कुणालाही पत्ता विचार, टाकीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. तिसरं उत्तर नाही, मग समुद्रच. खाली पालिका, तिच्या व्हरांड्यात दवाखाना आणि शेजारी एकाच कारकुनाच्या दोन खिडक्या. एकीत लाँचची तिकिटं, दुसरीत जन्म-मृत्यूची नोंद. "येणं-जाणं सगळं माझ्याकडेच," म्हणतो. रंग पिवळा आहे. मला निळा हवा होता, पण नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "समुद्र काय कमी पडला का?" बघ, भरकटलो.

इथे एक रीत आहे. घरात कुणी आजारी असलं की दाराबाहेर लाल कापड लावायचं. नर्सबाई सायकलवरून गावभर फिरतात, लाल दिसलं की थांबतात. मला काय माहीत! मी आपला टॉवेल वाळत घातला. बाई दारात हजर.

"काय होतंय?"

"काही नाही हो, टॉवेल आहे."

"मग मघापासून खोकतोय कोण, टॉवेल?"

मी हसलो, आणि हसता हसता इतका खोकलो की खालीच बसलो. त्यांनी थुंकी तपासायला घेतली, छातीचा फोटो काढायला पालिकेच्या लाँचने पलीकडे पाठवलं. पैसा घेतला नाही.

ताई, मला टीबी आहे. लिहिलं एकदाचं. बरा होतो म्हणे, पण सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. बाई रोज समोर उभ्या राहून गिळायला लावतात.

आणि माझ्या पायाला तर भिंगरी. परवा पिशवी भरून तिकीट मागायला गेलो. कारकून म्हणाला, "देतो की. पण गोळ्या सोडून गेलास, तर तुझं दुसऱ्या खिडकीचं काम भलत्याच गावात होईल. मला वाईट वाटेल." मागून एक आजी ओरडल्या, "टाकी अर्धीच पिवळी करून कुठे निघालास रे मेल्या?" मी परत फिरलो. या लोकांचा मी कोण लागतो, सांग!

आता खरं काम. तुझ्याकडे राहिलो तेव्हा हा खोकला होताच. हवा बदलली म्हणून असेल, असं आपण दोघंही म्हणालो. छकुली रोज दुपारी माझ्या छातीवर झोपायची. हे बाईंना सांगितलं, तर त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "आधी पोरीला तपासून घ्यायला सांग, मग घरातल्या सगळ्यांना. वेळेवर कळलं तर औषध आहे." त्यांनीच पालिकेतून तुला फोन लावून दिला. तू विचारलंस, "जेवलास का रे?" आणि मी हवापाण्याचं काहीबाही बोलून फोन ठेवला. जीभच उचलेना.

दवाखान्यात सगळं सांग, मामाला टीबी आहे हेही. भाऊजी चिडले तर चिडू देत, ते माझं मी बघीन. तिचं काय ते कळलं की लगेच कळव. रोज लाँच आली की मी धक्क्यावर असेन, टपाल घ्यायला. जायला नाही.

पत्र आता खाली ठेव, तिला उचल आणि नीघ.

तुझा,
न हललेला भाऊ