आजोबांच्या पायावरची कातडी

प्रिय डेक्लन,

आजोबांचा पाय वाचला. मधुमेहाची जखम भरेना, म्हणून डॉक्टर पाय कापायला निघाले होते. शेवटी आमच्या बॉस्टनच्या कंपनीत वाढवलेली कातडी लावली आणि जखम भरली.

तुझ्या आईने शपथ घातली होती, तरी सांगते. ती कातडी तुझी आहे. इथल्या इस्पितळांच्या रिवाजाप्रमाणे तान्हेपणी तुझी सुंता झाली, तेव्हा इस्पितळ तो नखाएवढा तुकडा फेकून देणार होतं. तुझ्या आईची सही घेऊन मी तो प्रयोगशाळेत नेला. त्यातल्या पेशी वाढवून, सरकारी परवानगी मिळवून कातडी बाजारात आणायला आम्हाला बारा वर्षं लागली.

काल आजोबा पाय आपटून म्हणाले, "नोरीन, याला म्हणतात कातडी! नाहीतर तुझा तो भाचा, चित्रं काढत बसतो. कुणाच्या उपयोगी पडलाय कधी?"

"पडला असेल, बाबा."

"एकाचं तरी नाव सांग!"

तुझी आई तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली.

तीन वर्षांच्या अबोल्यानंतर ते रविवारी तुझ्याकडे येणार आहेत. म्हणतात, "आता चालता येतंय, तर त्या नालायकाला चार शब्द सुनावून येतो." तुला हे कळलं, तर त्यांच्या पायाकडे बघून तू हसत सुटशील आणि ते आल्या पावली परत फिरतील. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुझी,
नोरीनमावशी