ठिपक्यांच्या माऊचं इंजेक्शन

ताडकळस
६ जून १९८५

प्रिय चतुरा,

तुझी दोन पत्रं आल्याचं मला अप्पांच्या चेहऱ्यावरून कळलं. आमचं टपाल आधी त्यांच्या दुकानात येतं, आणि तुझं आडनाव त्यांना पाठ झालंय. विद्यापीठाच्या नामांतराच्या निवेदनावर आपण दोघींनी शेजारी शेजारी सह्या केल्या, तेव्हापासून. "सही करायला शिकवलं ते ह्याच्यासाठी का?" एवढंच ते तेव्हा बोलले. परीक्षेपुरतं राहू दिलं, आणि शेवटचा पेपर झाला तशी हॉस्टेलवरची माझी पेटी घरी आली. बी.ए. झालेली घरातली पहिली मी, आणि आता डाळीतले खडे वेचते. बाजाराच्या दिवशीसुद्धा उंबरा ओलांडायचा नाही. आपण दोघींनी बी.एड. करायचं ठरवलं होतं ना? अर्जाची शेवटची तारीख दुकानातून आलेल्या साखरेच्या पुडीच्या कागदावर वाचली. येता सोमवार.

घरची बातमी अशी की पुढच्या गुरुवारी माझा साखरपुडा. स्थळ उदगीरचं, मुलाचा भाऊ कुवेतला असतो. त्यानं तिकडून एक मांजरी आणली, आणि साडीच्या आधी तीच माझ्याकडे आली. ही जात एकाच माणसाला लळा लावते म्हणे, तेव्हा सुनेच्या हाताची सवय आतापासूनच होऊ दे, असा त्यांचा निरोप.

दिसायला सुंदर आहे गं. रुपेरी अंगावर काळे ठिपके, डोळे कच्च्या बोरांसारखे हिरवे. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे सदा चवड्यांवर उभी असल्यासारखी वाटते. पोटापाशी कातडी सैल, धावताना लांब ढांग टाकता यावी म्हणून. चेहरा मात्र कायम काळजीतला. मधल्या खोलीत खांबाला बांधलेली असते. साखरपुड्याच्या बांगड्या भरायला सुलाबाई कासारीण आल्या, त्या माझा हात टाकून ओरडल्याच, "अगं माय! बिबट्याचं पिल्लू बांधलंय की!" आईनं सांगितलं, मांजर हाय, इजिप्तची जात, माऊ म्हणत्यात. "माऊच म्हणायचं तर इतक्या लांबून कशाला आणली वो? आमच्या उकिरड्यावर धा हायत."

तिच्यासोबत एक इंग्रजी पुस्तिका आली. तीन वर्षांच्या माझ्या कॉलेजचा घराला झालेला पहिला उपयोग हाच. अप्पा लोडाला टेकले, "वाच, बाई." मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. पाळीव मांजरांत ही सगळ्यांत वेगवान. अंगावरचे ठिपके कुणी घडवलेले नाहीत, मुळातलेच. शेवटी चार पिढ्यांची वंशावळ. मादीला बाहेर सोडू नये, परक्या नराशी गाठ पडू देऊ नये. अप्पांनी मान डोलावली. "जातिवंत जनावर असंच जपावं लागतं." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. आई बघत होती.

मग खाण्याचं पान आलं. मांस! गळ्यात इष्टलिंग असलेल्या आमच्या घरात! दूध-भाकरीला ती नावापुरतं तोंड लावत होती, दोन पाली तेवढ्या मटकावल्या होत्या. अप्पा घाबरले. सासरचं जनावर साखरपुड्याआधी मेलं तर लोक काय म्हणतील? मी पान उलटलं आणि पुढं वाचलं, की ज्या घरात मांस चालत नाही तिथं ताकदीचं इंजेक्शन द्यावं, मोठ्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात, आणल्यापासून दहा दिवसांच्या आत. लळा लागलेल्या माणसानंच तिला धरावं, नाहीतर धसक्यानं जाते. अप्पांनी बोटं मोजली. "म्हंजे सोमवारपस्तोर. परभणीलाच न्यावं लागंल. माय येईल तुझ्यासंग."

चतुरा, आजवर मी पुस्तकातलं एक अक्षर कधी बदलून वाचलं नव्हतं. शिकलेल्या माणसानं खरं तेच वाचावं, हे वर्गात मीच तावातावानं बोलायचे. संध्याकाळी आई चुलीपाशी ती पुस्तिका घेऊन आली. तिला अक्षर येत नाही. तेच पान काढून त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इंजेक्शनचं हितंच लिव्हलंय न्हवं?" मी हो म्हटलं. त्या पानावर एकही ओळ नव्हती, फक्त मांजराचं चित्र होतं. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंग जावंच लागंल." आज मांजरीची निजायची पाटी झाडायला घेतली, तर चिंधीखाली माझी गुणपत्रिका. ती दुकानातल्या कपाटात होती आणि किल्ली अप्पांच्या कमरेला असते. आईनं ठेवली तशीच मी ती पुन्हा चिंधीखाली सारली, सोमवारी पाटीबरोबरच येईल. हे पत्र सुलाबाई परभणीला बांगड्यांचा माल आणायला येतील तेव्हा तुला देतील. सोमवारी अकरा वाजता दवाखान्याच्या फाटकाशी अर्ज घेऊन उभी राहा, मी तिथंच सही करीन. गुरुवारचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. आणि येताना तुझ्या घरून थोडं मटण आण. मांजरी खरंच उपाशी आहे, आणि माझ्या खोट्यासाठी तिनं उपाशी का राहावं?

तुझीच,
महादेवी