वाढदिवसाची गाबोळी

आये, काल तुझी नात सहा वर्षांची झाली, आणि मी चिडलेली आहे. तुझ्यावर.

आपल्या घरी ज्याचा वाढदिवस, त्याच्या ताटात गाबोळी. माशाच्या पोटातली अंडी, तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजलेली. बाबा होडीवरून डब्यात वेगळी आणायचे. दादाच्या वाढदिवसाला मी तिच्याकडे बघायचीही नाही, आणि माझ्या वाढदिवसाला तो. भांडणाऱ्या आम्हा दोघांत एवढा एकच कायदा होता.

मी सहाची झाले त्या वर्षी तू आमच्या बाईंना बोलावलंस, आणि वर्गातल्या दोन मुलींना. बोर्लीच्या बाजारपेठेतल्या, मासे न खाणाऱ्या घरांतल्या. सकाळपासून तू जमीन पुसते आहेस, उदबत्त्या लावते आहेस, स्वयंपाकघराचं दार ओढून घेते आहेस. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा. मी नव्या फ्रॉकमध्ये पाटावर बसले आहे. ताट समोर येतं आणि मी विचारते, माझी गाबोळी कुठे आहे. तू आधी हसतेस. मी पुन्हा विचारते. मग तुझा हात माझ्या गालावर. बाई ताटाकडे बघत राहतात. तू त्यांना म्हणतेस, "माफ करा हां बाई, पोरीला वळण न्हाय."

मारलंस त्याचं काही नाही. माफी कशाची मागितलीस? त्याच बाजारात तू रोज मासे विकत होतीस. कुणी नाक मुरडलं की पाटीवर फडकं टाकून सांगायचीस, "जा मग, वांगी घे." आख्खा बाजार हसायचा. ती बाजारातली तू त्या दिवशी कुठे गेली होतीस? पाहुणे उंबऱ्याबाहेर पडल्यावर तू गाबोळी आणून ठेवलीस, थंड झालेली. मी तोंड फिरवलं. तू ताटली उचलून आत नेलीस. त्यावर आपण कधीच बोललो नाही.

काल दादाने सकाळीच गाबोळी आणून दिली. संध्याकाळी मुलीच्या वर्गातली मुलं आली, त्यांच्या आया आल्या. केक कापून झाला. वहिनी कानाशी येऊन म्हणाली, "ताई, दार लावू का? भाजताना वास जाईल बाहेर." मी काही बोलायच्या आत तुझी नात सगळ्यांसमोर ओरडली, "माझी गाबोळी कुठाय?"

आये, माझाही हात तिच्या गालाकडे हलला. खोटं का सांगू. मग मी आत गेले, तवा तापवला, गाबोळी भाजली आणि तिच्या ताटलीत केकच्या शेजारी ठेवली. एका मुलीने विचारलं हे काय आहे. तुझ्या नातीने सांगितलं, माशाची अंडी, फक्त माझी. त्या मुलीची आई म्हणाली, "आमच्याकडे चालत नाही, पण दिसतंय मस्त." आणि ती पुन्हा केक खायला लागली.

बस, एवढंच. कुणी उठून गेलं नाही. इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं, हेच मला सहन होत नाही.

तुला वाचता येत नव्हतं. आज असतीस तर हे तोंडावर बोलले असते, आणि तू म्हणाली असतीस, गप गो. एवढं लिहून मी कागद मिटते आहे. फक्त एक राहिलं. काल सकाळी, कुणी यायच्या कितीतरी आधी, स्वयंपाकघरात मी उदबत्ती लावली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.