भुताची विहीण

३ मार्च

पुन्हा मेले! बोगोरच्या रबराच्या मळ्यात, भर उन्हात, पाठीवर ते रबरी भोक चिकटवून; सिनेमातल्या या भुताच्या पाठीला भोकच असतं ना. डिंकानं पाठ सोलून निघाली आहे. वर दिग्दर्शकसाहेब म्हणतात, ‘बू तिनी, जाता जाता जरा पश्चात्ताप दाखवा.’ कसला पश्चात्ताप? गोष्टीत माझ्यावर हात टाकला गावप्रमुखानं, जीव घेतला त्यानंच. मी भूत होऊन त्याची दोन माणसं मारली, एवढाच माझा गुन्हा. आणि शेवटी धूर होऊन जायचं कोणी — तर मी! गावप्रमुख कियाईच्या, त्या भूत घालवणाऱ्या मौलवीच्या मागे पहिल्या रांगेत बसून आमीन म्हणतो. याला म्हणे चांगल्या-वाईटाचा तोल. सेन्सॉरला असाच लागतो.

आणि चांगलं म्हणजे कोण? दार्सोनो! पांढरी पगडी, जपमाळ, डोळ्यांत सुरमा. गाव मरत असतं तेव्हा हे कियाई महाराज कुठे असतात, अल्लाच जाणे. सिनेमाभर राबायचं मी, शेवटच्या पाच मिनिटांत उगवायचं यानं. कुराणातल्या दोन आयती पुटपुटल्या की मी भस्म. ‘कट’ म्हटलं की लवंगेची सिगारेट आणि पत्ते. गेल्या रमजानात भर दुपारी याला टेम्पेच्या वड्या खाताना पाहिलंय मी. पगडीसकट!

५ मार्च

मळ्याच्या फाटकाशी बायकांची रांग. हातात पाण्याच्या बाटल्या — दार्सोनोनं त्यात फुंकर मारावी म्हणून! कोणाच्या पोराला ताप, कोणाचा नवरा घरी येत नाही. आणि या गाढवानं मारलीही फुंकर. मी केस पिंजारलेल्या अवस्थेत चहाला गेले, तर एकीनं पोर ओढणीखाली लपवलं. पाच वेळची नमाज मी पढते, तो नाही. सांगू कोणाला?

८ मार्च

एन्दाहला मागणी घालायला आले आज. मुलगा युस्मान, टपाल कचेरीत आहे, मान खाली घालून बोलतो. पोरीचा जीव आहे त्याच्यावर. नवरा गेल्यापासून या रबरी भोकाच्या जिवावर वाढवलेली एकुलती एक पोर माझी. तिचं एवढं झालं की मी सुटले.

मुलाची आई बू मुकिना, तिनं वाजिक आणला होता. गूळ-नारळाचा चिकट भात, सोयरीक चिकटून राहावी म्हणून. पण ताट काही मांडीवरून खाली ठेवीना. माझ्या पाठीकडेच बघत होती सारखी.

शेवटी म्हणाली, ‘राग मानू नका हं, बू. गल्लीत लोक बोलतात. इतकी वर्षं ते असलं अंगावर घ्यायचं, म्हणजे थोडंफार चिकटून राहणारच की!’

‘डिंक राहतो,’ मी म्हटलं. ‘रॉकेलनं निघतो.’

कोणी हसलं नाही. वाजिक जसा आला तसा परत गेला.

९ मार्च

एन्दाह जेवली नाही.

११ मार्च

बू मुकिनाचा निरोप. कियाईंनी एकदा माझ्यावर सगळ्यांसमोर पढावं, काय असेल ते निघून जावं, मग त्यांची हरकत नाही.

‘कुठले कियाई?’ मी निरोप्या बाईला विचारलं.

‘अहो, तुमच्या ओळखीचेच की! सिनेमातले. किती वेळा घालवलंय त्यांनी, डोळ्यांनी पाहिलंय आम्ही.’

हसावं की रडावं! कोपऱ्यावरच्या मशिदीत खरेखुरे इमाम आहेत, म्हातारे, सज्जन. ते चालत नाहीत. का, तर त्यांना भूत घालवताना कोणी पाहिलेलं नाही!

एन्दाहला म्हटलं, ‘असल्या अकलेच्या घरात नांदणार तू?’ ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, ‘माझ्यासाठी, आई.’ बस्स.

१२ मार्च

दार्सोनोला विचारलं. ‘तिनी, मला लाज वाटते गं,’ म्हणाला. लाज! याला! मग जरा वेळानं — ‘पगडी माझी आणू की सेटवरची? सेटवरची जास्त पांढरी आहे.’

१५ मार्च, शुक्रवार

झालं. दुपारच्या नमाजनंतर, आमच्याच बाहेरच्या खोलीत. उदाचा धूर, मध्ये चटईवर मी, खिडकीत गल्लीभरची डोकी.

आणि हा मेला आयती विसरला! सिनेमात याच्या तोंडी आवाज दुसऱ्याचाच असतो, हे माझ्याही ध्यानात राहिलं नाही. नुसते ओठ हलवतोय, सुरमा घामानं गालांवर. शेवटी मान खाली घालून मीच पहिले शब्द पुटपुटले, ते यानं उचलले. पुन्हा अडला, पुन्हा मी. माझं भूत मीच पढून घालवत होते! चांगल्याला वाईटानं शब्द पुरवायचे, हाच काय तो तोल.

तरी बू मुकिनाचे डोळे माझ्यावरच. समजले — भूत ओरडल्याशिवाय गेलंसं या लोकांना वाटत नाही. मग दिलं झोकून. केस सोडले, किंचाळले, नखांनी चटई ओरबाडली, घोगऱ्या आवाजात ‘जाते, जाते’ केलं आणि धाडकन पडले. कपाळाला खोक पडली. संताप होताच पोटात, तो सगळा कामाला आला. कॅमेऱ्यापुढे इतकं चांगलं काम मी कधी केलं नाही.

डोळे उघडले तर बू मुकिना रडत रडत माझे पाय चेपत होती. ‘सुटलात हो, विहीणबाई!’ आणि दार्सोनोच्या हाताचं चुंबन घ्यायला ही झुंबड! वाजिक पुन्हा आला. एन्दाह भिंतीला टेकून हुंदके देत होती. आनंदानं, दुसरं काय.

१६ मार्च

तारीख ठरली. दिवसभर एकटीच हसतेय मी. मूर्ख, सगळे मूर्ख!

१७ मार्च

सकाळी एन्दाह येऊन माझ्या कुशीत शिरली. इतक्या वर्षांत कधी शिरली नव्हती. कपाळाच्या खोकेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘आता तुझी भीती नाही वाटत, आई. गेलं ना ते.’