पाच फळ्या धाकटीसाठी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय छपाईची चित्रे लाकडावर कोरणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायला घरात माझ्याशिवाय आहेच कोण!

१. राहते घर भाच्यास मिळावे. त्याने माझे चित्र आठ वर्षे उलटे टांगले. बोलले, तर म्हणतो, "आत्या, नुसते आकार तर आहेत, काय फरक पडतो?" फरक पडतो, बाबा! तरी घर त्यालाच. आजारपणात डबा घेऊन तोच आला.

२. कोरण्याची हत्यारे शेजारच्या सुतारांस. मात्र त्यांनी ती खिळे उचकटायला वापरू नयेत.

३. फ्रेमवाल्यास काहीही देऊ नये. चित्राची कड झाकू नका म्हणून दहादा बजावले, तरी झाकलीच.

४. आता मुख्य. जुन्या जपानी पद्धतीत एक कोरतो, दुसरा छापतो. आम्हा बहिणींचेही तसेच: मी कोरायची, धाकटी छापायची. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. ओलसर कागद दर वेळी नेमका बसावा, म्हणून फळीच्या कोपऱ्यात खाच कापतात. अकरा वर्षांपूर्वी प्रदर्शनात निळा रंग केसभर सरकलेला दिसला आणि मी चारचौघांत म्हणाले, "तुझा हात चळला." ती म्हणाली, "ताई, आधी तुझी खाच बघ." मी कसली बघते! ती गेली, ती पुन्हा या खोलीत आली नाही. महिन्याभराने फळी मोजली. खाच मीच चुकीची कापली होती. तेव्हापासून फोन उचलायचा आणि ठेवायचा, हाच उद्योग. वीट आलाय मला माझा.

सबब लिहून देते, की चूक माझी होती. मला तिची फार आठवण येते.

५. नव्या चित्राच्या पाच फळ्या कोरून तयार आहेत. त्या धाकटीसच मिळाव्यात. एकीवरही मी खाच कापलेली नाही. कागद कुठे बसवायचा, ते तिने ठरवावे.

ताजा कलम : वकीलसाहेब म्हणतात, हा कागद मी गेल्यावरच उघडायचा. मग तिने भांडायचे कोणाशी, माझ्या फोटोशी? कलम पाच रद्द. फळ्या घेऊन मी आत्ताच तिच्याकडे निघाले आहे.

स्थळ : माझी कामाची खोली
दिनांक : ७ मार्च, सकाळी अकरा
सही : (कोरणारी)

साक्षीदार :
१. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. खाडाखोड माझ्यासमोर झाली.
२. कागदाचे दुकानदार. फळ्या जड आहेत, मी सोबत जातो आहे.