खालचा दगड

बाबा, तुमच्या त्या दगडाचा मला अजून राग येतो. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल जिथे भेटतात, तिथला हद्दीचा दगड कुणीतरी हलवलाय, एवढं तुमच्या डोक्यात बसलं आणि आमचं घर अडकलं. पुण्याच्या बदलीची ऑर्डर आली होती. तिकडे आईची आई, आमची आजी, अंथरुणाला खिळलेली, म्हणून आईने सेक्टर २२ मधल्या भाड्याच्या खोल्यांत ट्रंका भरून ठेवल्या होत्या. पंजाबात अतिरेक्यांनी बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या येत होत्या, बाजार दिवेलागणीआधीच बंद व्हायचा, आणि तुम्ही मोजणी खात्यातल्या साहेबांना सांगून आलात की हद्दीची मोजणी संपल्याशिवाय मी जाणार नाही. "अहो, दगडाला काय पाय फुटलेत?" आई म्हणाली. "फुटलेत, तेच तर सांगतोय," तुम्ही चहात बिस्किट बुडवत म्हणालात. धाकट्या भावाने विचारलं, "पापा, असली जगह पक्का मिल जाएगी ना?" त्याला मात्र तुम्ही नीट समजावलंत. वरचा दगड लोक हलवतात, शेंदूर फासून देव करतात, म्हणून जुने मोजणीवाले त्याच्या बरोब्बर खाली फुली कोरलेला दुसरा दगड पुरून ठेवायचे. खरा तो. आपण निघणार कधी, हे कुणी कुणाला समजावलं नाही.

तुम्ही सकाळी जीपने जाता. संध्याकाळी आई गॅलरीत उभी राहते आणि आत भात करपतो. मग एक दिवस तुम्ही येता, कोपरापर्यंत माती, चेहरा लग्नघरातल्यासारखा. "सापडला!" बरोबरच्या माणसांना पोलिसांनी नाक्यावर अडवलं, म्हणून तुम्ही एकटेच टेकडी चढला होता. एकटे, त्या दिवसांत! आईच्या हातातला डाव तसाच राहतो. "मग आता दाखवा तरी कुणाला," ती म्हणते. तर नाही, खालचा दगड उघडा ठेवायचा नसतो, म्हणून तुम्ही तो लगेच बुजवूनही आलेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नकाशात वरचा, शेंदराचाच दगड ठेवला. आजी त्याच थंडीत गेली, आम्ही निघायच्या आत. आईला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही. तिने तुम्हाला कधी बोल लावला नाही, त्याचाही मला राग येतो.

मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. शेंदराच्या दगडाला आता टाइल्सचा ओटा आहे. पोरं एक पाय पंजाबात, एक हरियाणात आणि हात हिमाचलात टेकून फोटो काढतात. तुम्ही असता तर एकेकाला खाली उतरवलं असतंत. मी पुढे, खालचा दगड जिथे सापडला म्हणून तुम्ही सांगायचात, त्या कातळापाशी गेले, खैराच्या झाडाखाली बसले. पिशवीत खुरपं होतं, पण खणलं नाही. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून, असं लिहिणार होते. पण हे पाठवायला पत्ताच नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? खाली काही नसेल, याची भीती वाटली. आईला आजीचं तोंड का दिसलं नाही, याला तुमचा तो दगड सोडला तर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.